जागलीची पाळी कोणाची होती? घडणाऱ्या गोष्टींना हेतू असतो का?

तेरणाकाठ (तालुका औसा) यांचा प्रश्न

आमचे गाव औसा तालुक्यात तेरणेच्या काठी होते. 'होते' असे लिहितो, कारण ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपानंतर ते त्या जागी राहिले नाही. पुनर्वसनात गाव दुसऱ्या माळावर वसले आणि जुन्या जागी आता बाभळी वाढल्या आहेत. मी त्या वेळी अकरा वर्षांचा होतो.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून सारे गाव उशिरा झोपले. शेतात हायब्रीड ज्वारीची कणसे भरली होती आणि रात्री डुकरे शिरत, म्हणून वडील रोज जागलीला जात आणि त्यांच्या सोबतीला आम्हा दोघा भावांपैकी एकजण जाई. त्या रात्री पाळी थोरल्या भावाची होती. ऐन वेळी त्यात बदल झाला आणि मी गेलो. पहाटे जमिनीखालून घरघर ऐकू आली, आखाड्यावरचे, म्हणजे शेतातल्या गोठ्यावरचे, पत्रे वाजले, बैल दाव्याला हिसके देऊ लागले आणि गावाच्या दिशेला चांदण्यात धुळीचा लोट उभा राहिला. आई ओसरीत झोपली होती म्हणून शेजाऱ्यांना तिला बाहेर काढता आले. भाऊ आणि आजी आतल्या खोलीत, माळवदाखाली होते.

तेव्हापासून आजपर्यंत एक वाक्य माझ्या सोबत आहे: 'देवाने तुला कशासाठी तरी मागे ठेवले आहे.' मामांनी ते सांगितले, गुरुजींनी सांगितले, नोकरी लागली त्या दिवशी आईनेही सांगितले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. एखादे मूल शाळा सोडण्याच्या बेतात असताना मी त्याच्या घरी चार वेळा जातो, तेव्हा माझ्या मनात हेच वाक्य असते. त्या वाक्याने मला बळ दिले आहे, हे मी नाकारत नाही.

गेल्या महिन्यात माझी मुलगी, जी सातवीत शिकते, तिने हे वाक्य आजीच्या तोंडून ऐकले आणि सरळ विचारले, "मग काकांना कशासाठी नेले?" आई गप्प राहिली. मीही काही बोलू शकलो नाही.

माझ्या वाचण्यात हेतू असेल, तर भावाच्या जाण्यातही तो असला पाहिजे. आणि मी शिक्षक व्हावे यासाठी पंधरा वर्षांचा एक मुलगा मातीखाली गाडला गेला, हे मला कोणत्याही देवाच्या नावावर लिहिता येत नाही. उलट, सारे केवळ योगायोगाने घडले असे मानले, तर ज्याला मी आजवर ऋण समजून जगत आलो ते ऋणच नव्हते असे होते. या दोन्हींच्या पलीकडे विचार करण्याची काही वाट आहे का? सांत्वन पुष्कळ मिळाले आहे. मला विचार हवा आहे.

काळा पाषाण (लातूर) यांचे उत्तर

सर, मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. आपल्या भावाविषयी वाचून काही वेळ लिहिणे जमले नाही.

आपला प्रश्न मला आपल्या भाषेतल्या एका छोट्या शब्दापाशी अडलेला दिसतो. 'का' या एकाच शब्दाने आपण दोन वेगळ्या गोष्टी विचारतो: 'कशामुळे' आणि 'कशासाठी'. पहिल्याचे उत्तर मागे पाहून मिळते, दुसऱ्याचे उत्तर पुढे पाहून. दुःखाच्या वेळी माणूस 'असे का झाले' म्हणतो तेव्हा त्याला दोन्ही हवे असतात आणि समोरचा बहुधा दुसरेच देतो, कारण पहिले शोधायला कष्ट पडतात.

मला पहिले माहीत आहे, ते सांगतो. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे. त्या रेट्याचा ताण केवळ हिमालयात साठत नाही. भूपट्टाच्या अंतर्भागातही, बेसाल्टच्या म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या थरांखालच्या जुन्या खडकांमधल्या कमकुवत जागांवर तो साचत राहतो. त्या पहाटे अशी एक जागा सरकली. भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा, म्हणजे जगात दरवर्षी अनेक होतात त्यांपैकीच एक होता, मात्र तो उथळ होता. ऑक्टोबर १९९२ मध्ये किल्लारी परिसराला धक्के बसले होते, परंतु भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

जवळपास १०,००० माणसे गेली ती जमिनीने गिळली म्हणून नव्हे, घरे अंगावर आली म्हणून. दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती, दगड मातीत रचलेले, आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना न बांधलेला, आणि वर गळू नये म्हणून वर्षानुवर्षे माती चढवत जाड झालेले माळवद. हे घर उन्हाळ्यात गार राहते. आपल्या पूर्वजांनी ते उन्हासाठी आणि चोरांसाठी बांधले होते. त्यांच्या आठवणीत असा भूकंप नव्हता.

यांतील एकाही कारणाला आपल्या भावाचे नाव ठाऊक नव्हते. 'यादृच्छिक' या शब्दाचा मी एवढाच अर्थ घेतो: कारण होते, पण रोख कोणावर नव्हता.

मग हेतू आहे असे आपल्याला इतके तीव्रतेने का वाटते? शेतातलाच दाखला देतो. तिफणीने पेरलेले बी ओळीत, सारख्या अंतरावर उगवते. मूठभर बी फोकून टाकले, तर ते कधीच सारखे पडत नाही. एका ठिकाणी दहा दाणे गोळा होतात आणि शेजारी हातभर जागा मोकळी राहते. पाहणाऱ्याला ते दहा दाणे कोणी मुद्दाम ठेवल्यासारखे वाटतात, वास्तविक अशी गर्दी आणि अशी पोकळी हीच फोकलेल्या बियांची खूण असते. त्या रात्रीच्या हकिकतीही अशाच आहेत. शेतात गेल्यामुळे वाचलेल्यांच्या गोष्टी आपण सगळे ऐकत आलो आहोत. सणासाठी मुद्दाम गावी आलेले पाहुणेही त्या रात्री तिथे झोपले होते. त्यांची गोष्ट सांगायला ते राहिले नाहीत.

आणखी एक सांगणे मला आवश्यक वाटते. 'देवाची इच्छा' म्हटले की घराच्या भिंतीचा प्रश्न तिथेच मिटतो. भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवा, खिडक्यांच्या वर काँक्रीटचा सलग पट्टा घ्या, छत हलके ठेवा, हे सांगत मी भूकंपानंतरची अनेक वर्षे गावोगाव फिरलो, आणि जिथे लोक 'कशामुळे' विचारत होते तिथेच ते ऐकले गेले.

तेरणाकाठ

सर, 'का' या शब्दाविषयी आपण जे लिहिले ते मी दोन दिवस मनात घोळवतो आहे. भिंतींचे मला पटते. परंतु भूपट्ट सरकला हे उत्तर साऱ्या गावासाठी आहे. माझा प्रश्न एका अंथरुणाचा आहे. भूकंप कोणाला ओळखत नव्हता हे मान्य करूनही, त्या अंथरुणावर मी नव्हतो आणि तो होता, हे तसेच उरते. तिथे भूशास्त्राचे काम संपते असे मला वाटते, आणि हे मी आपला अनादर म्हणून लिहीत नाही.

गंगाखेडची लेक यांचे उत्तर

दादा, मी परिचारिका आहे आणि वारकरी घरात वाढले आहे. माझे वडील मी लहान असताना विहिरीचे काम करताना दरड कोसळून गेले. आईला येणारा-जाणारा प्रत्येकजण 'तुझे प्रारब्ध' म्हणत असे. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हे कर्माचे तिन्ही शब्द आईला कीर्तनातून चांगले ठाऊक होते. तिने मला एकदा सांगितले की प्रारब्ध हा शब्द माणसाने फक्त स्वतःच्या दुःखासाठी, तोही एकट्याने, देवापुढे उच्चारायचा असतो. दुसऱ्याच्या दुःखाला तो लावला की तो शिव्यांइतका वाईट होतो. एवढे नेमके मला नंतर कोणत्याही प्रवचनात ऐकायला मिळाले नाही.

आपल्याकडे देवाचा हेतू समजून घेण्याची रीत आहे असे लोक समजतात. मी जे ऐकत वाढले ते निराळे आहे. आमच्या गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला हेतू विचारत बसत नाही. ती त्याला रागावते, घालूनपाडून बोलते आणि त्याच्याकडून दळणाला हातही लावून घेते. तुमच्याच तेरणेच्या काठी, तेरला, गोरोबाकाकांची कथा घडली. भजनात तल्लीन होऊन माती तुडवताना त्यांचे रांगते मूल पायाखाली आले. कीर्तनात पुढे ते मूल परत मिळते आणि लोक टाळ्या वाजवतात. आई मात्र त्या जागेपर्यंत पोहोचतच नसे. पाण्याला गेलेली बायको घागर घेऊन परतते आणि मूल दिसत नाही, तिथेच तिच्या डोळ्यांना पदर लागे आणि तो उरलेल्या कथेत सुटत नसे. तिची श्रद्धा कमी नव्हती. दर आषाढीला ती पंढरपूरला जात असे. परंतु परत मिळालेल्या मुलामुळे त्या घागरीचा क्षण पुसला जातो, हे तिने कधी मानले नाही.

म्हणून मला वाटते, तुमच्या मुलीला हेतू सांगू नका आणि 'उगीच झाले' असेही सांगू नका. भाऊ गेला हे वाईट झाले, एवढेच आधी सांगा. ते वाक्य तुमच्या घरात कोणी पूर्ण बोलले आहे का?

आणि एक विचारू का? रागावू नका. तुम्ही सगळे इतके नेमके लिहिले आहे, बैलांची दावी आणि पत्र्यांचा आवाजसुद्धा. आणि पाळीच्या ठिकाणी मात्र 'ऐन वेळी बदल झाला' एवढेच लिहिले आहे. बदल कोणी केला?

नागसेनवन (छत्रपती संभाजीनगर) यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे वाचल्यावर एक जुना संवाद सांगावासा वाटतो. संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात मोळियसीवक नावाचा परिव्राजक (भटका संन्यासी) बुद्धांना विचारतो की माणसाच्या वाट्याला येणारे सारे सुखदुःख पूर्वकर्मामुळेच येते, असे काही श्रमण-ब्राह्मण सांगतात. आपले म्हणणे काय? बुद्ध आठ कारणे मोजतात: पित्त, कफ, वात, तिघांचा सन्निपात, ऋतूतील बदल, शरीराची विषम हेळसांड, बाहेरून झालेला आघात आणि आठवे कर्मविपाक, म्हणजे कर्माचे फळ. सारे काही पूर्वकर्मानेच घडते असे म्हणणारे लोक, स्वतः अनुभवाने जाणता येते आणि जग ज्याला सत्य मानते, त्याच्या पलीकडे धावतात, असे ते स्पष्ट सांगतात. म्हणजे जी परंपरा कर्माला सर्वाधिक महत्त्व देते असे समजले जाते, तिथेही कर्म आठांपैकी एक आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात हाच धागा पुढे नेला. गतजन्मीच्या कर्माने माणूस गरीब किंवा हीन जन्मतो, ही शिकवण समाजाला आणि राज्याला गरिबांच्या स्थितीच्या जबाबदारीतून मोकळे करण्यापलीकडे कशाच्या उपयोगाची आहे, असा त्यांचा प्रश्न आहे. काळा पाषाण सरांनी भिंतीविषयी जे सांगितले तेच इथे माणसांविषयी आहे.

हेतू शोधण्याचा मोह भल्या माणसांनाही सुटत नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरी शिक्षा आहे असे गांधीजींनी जाहीरपणे म्हटले. रवींद्रनाथ ठाकूर अस्पृश्यतेच्या विरोधात त्यांच्या बाजूचेच होते, तरीही त्यांनी तीव्र हरकत घेतली. निसर्गातील घटनेला नैतिक शिक्षेचे रूप दिल्याने लोकांमधली अविवेकी वृत्ती बळावते, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींनी ते पत्र आपल्या 'हरिजन'मध्ये छापले आणि सोबत स्वतःचे उत्तरही दिले. मी या वादात रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे, आणि त्याचे कारण घरचे आहे. माझे आजोळ उमरगा तालुक्यातले. आजीचे घर गावाच्या कडेला, कुडाचे आणि वर पत्रे असलेले होते. माळवद घालण्याची ऐपत नव्हती. भिंत कलली, पत्रे खाली आले आणि सगळे खरचटून बाहेर पडले. हलक्या घरांत अशी माणसे वाचली. पिढ्यान्‌पिढ्या जे सोसले त्याचा हा न्याय झाला, असा हेतू मलाही काढता आला असता आणि लहानपणी काही वर्षे मी तो काढलाही. पण गावातल्या मोठ्या वाड्यात माझ्या वर्गातला एक मुलगा मेला होता. तो माझ्याबरोबर डबा खात असे. त्याच्या मृत्यूला न्याय म्हणायचे झाले, तर मला माझ्या आजीचे वाचणेही नको होते.

तेरणाकाठ सर, आपण ऋणाविषयी लिहिले आहे. ऋण देण्यासाठी हेतू असलेला देणारा हवाच असे मला वाटत नाही. आजीच्या शेजारणीने त्या आठवड्यात आपल्या पिठातले अर्धे पीठ दिले. त्या पिठाचे ऋण खरे होते आणि ते पीठ कोणत्या योजनेतून आले नव्हते.

बांधावरून (परांडा) यांचे उत्तर

मला एवढे वाचन नाही, तरी लिहितो. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमच्या शिवारातली जमीन खरडून गेली, खाली मुरूम उघडा पडला. माझ्या बांधापलीकडच्या चुलतभावाची सहा एकर गेली, माझे दीड एकर गेले. मी देव मानतो आणि त्याच्या मनात काहीतरी असते असेही मानतो. ते सोडायला मला सांगू नका. सोडले तर मृगात तिफण धरवत नाही. परंतु माझे साडेचार एकर त्याने राखले असे मी चुलतभावासमोर एकदाही बोललो नाही आणि मनातही बोलत नाही. देवाच्या मनातले मला कळत नाही, हाही माझ्या भक्तीचाच भाग आहे. जे पटले ते लिहिले.

तेरणाकाठ

सर्वांचे आभार. ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला नऊ दिवस लागले.

बदल मी केला. त्या रात्री चांदणे लख्ख होते, दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती आणि मला शेतात जायचे होते. भावाची पाळी होती आणि तो निघालाही होता. मी दारात बसून रडलो. वडील रागावले, भाऊ हसला आणि म्हणाला, "जाऊ दे त्याला, मी झोपतो." हे मी आईला कधी सांगितले नाही. 'देवाने तुला कशासाठी तरी ठेवले' हे वाक्य मी इतकी वर्षे इतके घट्ट धरून ठेवले, कारण देवाने ठेवले असेल तर मी रडलो ही गोष्ट क्षुल्लक ठरत होती. मला हेतू हवा होता तो यासाठी. पाषाण सर, 'कशामुळे' विचारायचे टाळणारा मीही होतो.

अकरा वर्षांचे मूल चांदण्यासाठी रडले आणि त्याच रात्री खडक सरकला, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे आता मी पाहू शकतो. ते पाहताना दुःख कमी होत नाही, पण आता ते निव्वळ भावाचे दुःख उरते. इतके दिवस त्यात माझा हिशेब मिसळलेला होता.

रविवारी मी आईला आणि मुलीला बसवून हे सारे सांगितले. आईने माझा हात धरून ठेवला आणि बऱ्याच वेळाने म्हणाली की ते तिला ठाऊक होते, भावानेच झोपण्यापूर्वी तिला सांगितले होते. मुलीने हेतूचे पुन्हा विचारले नाही. काका रागावले होते का, एवढेच तिने विचारले. रागावला नव्हता. निघताना त्याने मला स्वतःची बॅटरी दिली होती, जी तो एरवी कोणाला हात लावू देत नसे. ती ट्रंकेत होती. ती काढून मी तिच्या हातात दिली.